आवाज: दहापैकी तीन

२ जुलै २००७

आज रेघा चौदा. पुण्याहून क्षमाचा फोन. "ताई, राग मानू नका, पण ह्या आठवड्यात तुमच्या फायलींत रेघा फार आहेत."

राग कसला मानायचा. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासतो, काय आढळलं ते रेकॉर्डरवर बोलतो, आणि मी इथे मालवणात हेडफोन लावून ते टाईप करते. जिथे ऐकू येत नाही तिथे रेघ मारायची आणि पुढे जायचं. ती जागा क्षमा ऐकून भरते. सहा वर्षांपूर्वी ती नवीन लागली तेव्हा हे काम मीच तिला फोनवरून शिकवलं. अंदाजाने काही लिहू नकोस, माणसाच्या औषधपाण्याचा प्रश्न असतो, रेघ मार, हेही मीच सांगितलं. आता ती माझ्या रेघा मोजते.

दोष मशीनचा आहे. प्रोसेसरवरचा तो वाटीएवढा पंखा सकाळी सुरू झाला की जो कोकलतो तो संध्याकाळपर्यंत. त्याच्यावर मात करायची म्हणून हेडफोनचा आवाज शेवटपर्यंत नेऊन ठेवलाय. मशीन बंद केलं तरी डोक्यात तो फिरतच असतो. दमले.

५ जुलै

विलास घरी. मच्छीमारी बंद, म्हणून बर्फाची फॅक्टरी बंद, म्हणून नवरा ओटीवर. बाकीचे महिने कॉम्प्रेसरशेजारी काढल्यामुळे तो घरातही खाडीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखा बोलतो. "चाय झाली काय?" हे बाजूच्या वाडीतल्यांनाही कळतं. विलासच्या आईंचं वय चौऱ्याहत्तर, त्यामुळे त्याही मोठ्यानेच. ह्या घरात हळू बोलणारं कोणी नाही. आवाज नको म्हणून खोलीचं दार लावून घेतलं तर आत भट्टी.

हे तीन महिने घर माझ्या कामावर चालतं. कोणी बोलून दाखवत नाही, मीही नाही. पण काम गेलं तर काय, हे दिवसातून दोनदा तरी मनात येऊन जातं. मुंबई सोडून लग्न करून आले तेव्हा सगळं तिकडेच राहिलं, हे एकच काम माझ्याबरोबर आलं. ते माझं आहे.

९ जुलै

कुडाळहून परब आला. कॉम्प्युटर त्याच्याच दुकानातला. पंखा ऐकून म्हणाला, "वयनी, तुमचो प्रोसेसर तापट जातीचो. त्याका ह्यो बारको पंखो पुरणा नाय, म्हणान तो वरडता." उपाय त्याने सांगितला तो असा, की प्रोसेसरवर बसवायचा मोठा कूलर घ्यायचा. तांब्याच्या नळ्या, तांब्याचे पत्रे, त्यावर हातभर नाही तरी वीतभर पंखा. मोठा पंखा सावकाश फिरला तरी वारा तेवढाच देतो, आणि सावकाश फिरतो म्हणून आवाज करत नाही. पटलं. आमच्याकडेही जो सावकाश काम करतो तो आवाज करत नाही.

मुंबईहून मागवावा लागेल.

जाताना दारात थांबून म्हणाला, "तुमच्या हेडफोनातलो गोरो माका हयसून ऐकाक येता." मी म्हटलं, बघ, पंखा किती मोठ्याने ओरडत असेल ते. त्याने हेडफोनकडे एकदा बघितलं आणि गाडी सुरू केली.

१८ जुलै

कूलर आलेला नाही. रेघा ११, १५, १२. तीन दिवस पाऊस कौलांवर नुसता आपटतोय, त्यात काय ऐकू येणार.

संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा मागच्या पडवीत बसले होते. यंदा रातकिडे नाहीत. दरवर्षी ह्या दिवसांत किर्र करून नको जीव करतात. बागांत फवारणी वाढलीय त्यामुळे असेल. शांत वाटलं, पण बरं नाही वाटलं.

२४ जुलै

आला. परब स्वतः घेऊन आला, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. उघडल्यावर सगळेच पुढे वाकले. नारळाएवढा तरी आहे. नुसता तांबा. हातात घेतला तर वजनाने मनगट वाकलं.

बसवायला अडीच तास. अख्खा बोर्ड बाहेर काढून मागून पट्टी लावावी लागली. विलास बॅटरी धरून उभा, सूचना देत. परबने सगळ्या ऐकल्या आणि एकही पाळली नाही. शेवटी लक्षात आलं की कूलर उंचीला जास्त आहे, डब्याचं झाकण लागत नाही. शिवाय एवढं वजन उभ्या बोर्डावर लोंबकळत ठेवणं बरोबर नाही. म्हणून डबा टेबलाखाली आडवा घातला, उघडी बाजू वर. आता तो उघड्या पेटीसारखा पडलाय आणि मधून तांबा डोकावतोय.

आई बघायला आल्या. "ह्यो खंयच्या देवळाचो कळस हाडलास गो?"

पाल, झुरळ आत जाऊ नये म्हणून जेवण झाकायची जाळी वर ठेवली. परब आधी हसला, मग म्हणाला, ह्याच्यापेक्षा चांगलं झाकण मुंबईतही मिळायचं नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते. स्क्रीनवर पंख्याचा वेग शून्य दाखवतो. परबचं म्हणणं, एवढा सावकाश पंखा ह्या बोर्डाला मोजता येत नाही, तो बंद पडलाय असं समजून दर वेळी बोंब मारेल. म्हणून ती सूचनाच त्याने बंद करून ठेवलीय.

२५ जुलै

एवढी वस्तू आणलीय तर नीट पारखून घ्यायची असं ठरवलंय. रोज तीन गोष्टी टिपायच्या. ता. म्हणजे दुपारी बाराचं तापमान, स्क्रीनवर दिसतं ते. आ. म्हणजे आवाज, दहापैकी. रे. म्हणजे रेघा. आवाज मोजायचं यंत्र नाही. कान हेच यंत्र, पंधरा वर्षं त्यांच्यावरच जगतेय.

जुना कूलर: ता. ७१, आ. ८.
आज: ता. ४७, आ. ३.

आठावरून तीन. सुरू केल्यावर पहिल्यांदा वाटलं मशीन चालूच झालं नाही. मग थोड्या वेळाने कळलं, बारीक शीळ आहे. लांब कोणीतरी कुकर लावलाय आणि त्याची शिट्टी अडकलीय, तशी. पण तीन म्हणजे काहीच नाही. हेडफोनचा आवाज दोन घरं खाली आणला.

रे. ९.

२६ जुलै

ता. ४६. आ. ३. रे. ८. मन हलकं. दुपारी गाणंही म्हटलं म्हणे, विलास म्हणाला.

२८ जुलै

ता. ४७. आ. ३. रे. ११. हेडफोन एक घर परत वर.

१ ऑगस्ट

ता. ४६. आ. ३. रे. १३. एक नवा डॉक्टर आलाय, तोंडात सुपारी धरून बोलावं तसा बोलतो. हेडफोन आणखी एक घर वर. म्हणजे होता तिथेच.

६ ऑगस्ट

रे. १५. क्षमाचा फोन. ह्या वेळी राग मानू नका असं म्हणाली नाही.

"ताई, तुमच्या रेघा भरताना मी नीट लक्ष दिलं. त्या डॉक्टरचं मला स्वच्छ ऐकू येतंय."

मी म्हटलं, तुमच्याकडे एसी खोली, काचेची दारं. ती म्हणाली, हो ताई, तेही असेल.

फोन ठेवल्यावर एकेकाला खोलीत बोलावून विचारलं, ह्या कूलरचा आवाज येतो की नाही. विलास: "कसलो आवाज? माका कायएक ऐकाक येणा नाय." पण फॅक्टरीचा माणूस, त्याच्या कानाची काय साक्ष. आई: "खंय? नाय गो." चौऱ्याहत्तर वय. परबला फोन केला. तो म्हणाला, त्याचा आवाज येतच नाही. विकणारा दुसरं काय म्हणेल.

म्हणजे घरात धड कान असलेली मी एकटी. आ. ३.

२० ऑगस्ट

तांबा काळा पडायला लागलाय. कडांना हिरवट. इथली हवा कशालाच सोडत नाही. कुलपं, सायकल, विलासच्या चष्म्याची दांडी. मुंबईत बनवणाऱ्याने हे धरलेलं नसणार. परबला विचारलं. तो म्हणाला, दिसायला वाईट, बाकी काही बिघडत नाही, हात लावू नका.

ता. ४७. आ. ३. रे. १४.

२८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. विलास सकाळीच फॅक्टरीवर. तीन महिन्यांनी कॉम्प्रेसर सुरू करायचा म्हणजे त्याला सण. दुपारी बंदरावर नारळ सोडायला सगळे गेले, मी गेले नाही, फाईल होती. ती संपायच्या आधी लाइट गेली. मग काय, मागे जाऊन भांडी घासली.

रे. १३, अर्ध्या दिवसात.

१२ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

चतुर्थीला तीन दिवस. घरात घासापुशी. समया, घंगाळ, तांब्याचा हंडा, ताम्हण, सगळं अंगणात ओळीने काढलेलं, आणि आई कोकमाच्या सोलांचं पाणी आणि राख घेऊन बसलेल्या. मी बाजारात गेले, गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान आणायला. परत आले तर आई माझ्या टेबलाखाली. जाळी बाजूला. हातात सोलांचा चोथा बांधलेलं फडकं. आणि कूलर लखलखीत, लग्नाच्या कलशासारखा.

मी सामान दारातच ठेवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं. "चवथ इली, घरातला सगळा तांबा घासून झाला, ह्यांच तेवढा काळा ऱ्हवला. बरा दिसता काय? म्हणान घासलंय."

मशीन बंद होतं, तेवढं नशीब. पंखा आकड्यांनी अडकवलेला असतो. तो त्यांनी काढला, पत्रे पुसले, पुन्हा तसाच अडकवला. फडकं पिळून घेतलं होतं म्हणे, थेंब पडला नाही म्हणे. मी सबंध बोर्ड टॉर्चने बघितला. कुठे ओल दिसली नाही. तरी टेबलफॅन समोर लावून ठेवलाय, उद्यापर्यंत सुरू करायचं नाही.

त्यांना काय बोलणार, मला न सांगता माझ्या वस्तूला ह्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी देवाच्या भांड्यांत धरलं. पण संध्याकाळी दोनदा टॉर्च घेऊन पुन्हा वाकून बघितलं.

१३ सप्टेंबर

सुरू झालं. सगळं ठीक. आ. ३, तीच ओळखीची शीळ. ऐकून एवढा जीव भांड्यात पडला की आईंना चहा करून दिला.

ता. बघायचं राहिलं. सण.

२१ सप्टेंबर

गणपती गेले. पाहुणे गेले. घर पुसून बसले.

ता. ५८. सोलांनी घासल्यावर कमी व्हायला हवं होतं, उलट वाढलं. पावसाने उघडीप दिलीय, उकाडा आहे, त्यामुळे. आ. ३. रे. १६.

४ ऑक्टोबर

ता. ६२. ऑक्टोबरचा उष्मा भिंतींतून बाहेर येतोय. आ. ४, उकाड्याने पंखा जास्त फिरत असेल. रे. १७.

परबने मागे एक कागद दिला होता. कूलरबद्दल तुमचं मत लिहून द्या, दुकानात लावतो, तुमच्याइतकं बारकाईने कोणी वापरलेलं नाही. आज लिहिलं. खरं तेच लिहायचं असतं म्हणून असं लिहिलं:

"आकाराने फार मोठा. साध्या डब्यात मावत नाही, डबा आडवा ठेवावा लागतो. तापमान सुरुवातीला उत्तम, नंतर हवामानानुसार वाढते. किनाऱ्यावर तांबा काळा पडतो. आवाज जुन्यापेक्षा पुष्कळ कमी, परंतु पूर्ण जात नाही. बारीक शीळ सतत राहते. ज्यांचे काम ऐकण्याचे आहे त्यांनी विचार करावा."

खाली सही. कुडाळला जाणाऱ्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडे दिला.

८ ऑक्टोबर

परबचा फोन. "वयनी, मी असलेच आणखी तीन विकलंय. शीळ कोणाच्याच नाय. तुमच्यातच खंयसून इली?" म्हटलं, तेच तर मी विचारतेय. सवड मिळाली की येऊन बघतो म्हणाला.

म्हणजे चारांतला बिघडलेला नेमका माझ्याच वाट्याला. माझ्या नशिबाला शोभणारं.

१२ ऑक्टोबर

क्षमाचं पत्र, मेलवर. फोन नाही. तेव्हाच कळलं.

"आदरणीय ताई" असं सुरू केलंय. महिनाभर मुदत. पंधरा नोव्हेंबरपर्यंत रेघा दिवसाला पाचाच्या आत आल्या नाहीत तर वरचे लोक मला ऐकण्याच्या कामावरून काढतील. दुसरं काही काम असेल तर बघते म्हणते, पण दुसरं काम आमच्याकडे नाही हे तिलाही माहीत आणि मलाही. शेवटी लिहिलंय, "हे पत्र मला लिहावं लागलं ह्याचं फार वाईट वाटतं."

तिचं मराठी पूर्वीपेक्षा सुधारलंय.

विलासला सांगितलं नाही. जेवताना तो मोठमोठ्याने बांगड्याची आवक सांगत होता. मी हं, हं म्हणत होते. अर्धं कानात गेलंच नाही.

१८ ऑक्टोबर

अकरा वाजता फाईल अर्धी झालेली असताना मशीन आपोआप बंद. पुन्हा सुरू केलं, वीस मिनिटांनी पुन्हा बंद. ता. शेवटचं दिसलं ते ८१. हात लावला तर तांबा चटका देतो. परबला फोन. परवा येतो.

दोन दिवस काम बंद. मुदत चालू.

२० ऑक्टोबर

सावकाश लिहिते. घाई नाही आता कसली.

परब आला, जाळी काढली, टॉर्च टाकला. पंख्याचं तोंड भिंतीकडे, म्हणून डबा थोडा ओढला. मग मशीन सुरू करून बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं.

"वयनी, ह्यो फॅन फिरणाच नाय."

खाली वाकून बघितलं. पंखा उभा. पात्यांवर धूळ.

"वायरच लावलेली नाय ह्याची. कोणी काढल्यान?"

आई दारात होत्या. त्यांनीच सांगितलं. "ती वायर मधी येय होती मरे. घासताना काढलंय, आणि परत नीट खोवून ठेवलंय. ही बघ." आणि खरंच, वायर पंख्याच्या आकड्यात निऱ्या खोचाव्यात तशी नीट खोचलेली होती. जिथे लावायची तिथे नव्हती, एवढंच. चतुर्थीच्या आधीपासून.

परब हसत सुटला. पंख्याशिवाय पाच आठवडे चालला म्हणजे कूलर काय चीज आहे, ह्याच्याहून मोठी जाहिरात नाही, असं म्हणत राहिला. वायर लावली. पंखा फिरायला लागला. दहा मिनिटांत ता. ४९. मग त्याने खिशातून माझा कागद काढला. "ह्यां आता बदलून दियात. शीळ बीळ काढून टाका. फॅन बंद होतो तर शीळ खंयची?"

मी म्हटलं, मग वीजपुरवठ्याच्या डबीची असेल, तिलाही छोटा पंखा असतो.

त्याने गुडघ्यावर बसून डबीला कान लावला. बराच वेळ. मग उठला, हात झटकले. "माका तरी कायएक येणा नाय," म्हणाला. हसू गेलं होतं त्याचं. कागद टेबलावर ठेवला, चहा न घेता गेला.

२१ ऑक्टोबर

वही मागे चाळली. १३ सप्टेंबर, आ. ३, "तीच ओळखीची शीळ". त्या दिवशी पंखा बंद होता. २१ सप्टेंबर, आ. ३. बंद. ४ ऑक्टोबर, आ. ४, उकाड्याने पंखा जास्त फिरत असेल. बंद होता बाई, बंद.

पाच आठवडे मी न फिरणाऱ्या पंख्याला मार्क देत होते.

पॉवर सप्लायचा असेल. तोच असणार.

२३ ऑक्टोबर

रे. १५. तापमान वगैरे मस्त.

तिन्हीसांजेला आई तुळशीपाशी दिवा लावत होत्या. सहज विचारावं तसं विचारलं, यंदा रातकिडे नाहीत का हो?

"मगे ह्यां काय वरडता? पावसापासून कानाक दडे बसले." थांबल्या. "तुका ऐकाक येणा नाय?"

मी म्हटलं, येतात की. आणि आत आले.

त्या माझ्या मागून आत आल्या नाहीत. थोड्या वेळाने विलास फॅक्टरीतून आला, तेव्हा दोघांचं अंगणात काहीतरी बोलणं झालं. पहिल्यांदाच ते हळू बोलले असावेत, कारण मला काही कळलं नाही. की ते नेहमीसारखेच बोलत होते, कोण जाणे.

२४ ऑक्टोबर

विलास आज उशिरा कामावर गेला. खोलीत येऊन खुर्ची ओढून बसला. तो ह्या खोलीत कधी बसत नाही.

"शीळ ऐकाक येता तुका?"

हो म्हटलं.

"माका धा वर्सां येता. फॅक्टरी बंद आसली तरी येता. रविवारी पण."

मी म्हटलं, मग मला सांगितलं नाही कधी.

"माका वाटला दिवसभर मशीनच्या बाजूक ऱ्हवलंय, तां कानात ऱ्हवता. सगळ्यांकाच ऱ्हवत आसतला. तेचां काय सांगूचा." मग म्हणाला, "ती जाणा नाय. पण सवय होता."

एवढा संताप आला मला. दहा वर्षं एका उशीवर डोकं ठेवून हा माणूस शिट्टी ऐकतोय आणि बोलला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, माका कायएक ऐकाक येणा नाय. तुमचं बर्फ पाडायचं काम आहे, मी म्हटलं, तुम्हाला सवय होऊन चालतं. माझं काम ऐकायचं आहे. मला सवय होऊन काय उपयोग?

बोलून झाल्यावर वाईट वाटलं. तो उठताना म्हणाला, कुडाळला कानाचा डॉक्टर सोमवारी-मंगळवारी असतो, मी रजा टाकतो.

नंतर लक्षात आलं. हे सगळं बोलताना तो हळू बोलत होता, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. सगळा वेळ तोंडाकडेच बघत होते. अमेरिकेतल्या डॉक्टरचं तोंड दिसत नाही.

२६ ऑक्टोबर

क्षमाला फोन लावला आणि ती उचलायच्या आत ठेवून दिला. काय सांगू? कूलर सापडला, चांगला आहे, बिघाड दुसरीकडे आहे? हिला मी सांगत असे, ऐकू आलं नाही तर लाजू नकोस, रेघ मार. तेवढंही मला होईना. तिचा उलट फोन आला, तो मी घेतला नाही.

रे. १८. एक फाईल तर अशी परत पाठवली की वाक्यांपेक्षा रेघाच जास्त. पूर्वी रेघ म्हणजे डॉक्टरची चूक असं वाटायचं. आता प्रत्येक रेघ मारताना हात अडतो.

हेडफोन तीन घरं खाली आणून बघितला. डॉक्टर पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. परत वर नेला. वर न्यायला नको हे कळतंय. खाली काम होत नाही हेही कळतंय.

२९ ऑक्टोबर

उद्या कुडाळ. नऊची गाडी. विलासने रजा टाकलीय, आईंनी सकाळची भाकरी-चटणी बांधून द्यायचं ठरवलंय, जसं काही आम्ही आठ दिवसांसाठी चाललोय. हेडफोन पिशवीत घेतलाय. डॉक्टर विचारतील, एवढी वर्षं काय लावत होता कानाला, तर दाखवायला. पंधरा नोव्हेंबरला सतरा दिवस उरले. बरं होण्यासारखं असेल तर सतरा दिवसांत होतं का, हे उद्या पहिलं विचारायचं. नसेल तर काय विचारायचं ते अजून सुचलेलं नाही.

जाता जाता परबच्या दुकानात कागद द्यायचा आहे. त्याच्या हक्काचं आहे ते, त्याची वस्तू चांगली आहे. पुन्हा लिहिला:

"आकाराने मोठा व जड, परंतु कामाला उत्तम. पंखा बंद राहिला तरी पाच आठवडे मशीन चालले. तांबा काळा पडल्यास सोलांनी घासता येतो, वायर परत लावण्यास विसरू नये. आवाज नाही. घरातील सर्वांचे असेच म्हणणे आहे."

सही केली. शेवटून दुसरं वाक्य लिहिताना पेन थोडा वेळ तसाच धरला होता.

आता दुपारचे अडीच. भारनियमन, तीनशिवाय लाइट यायची नाही. मशीन बंद. प्लगही काढून ठेवलाय, उद्या घरी मी नाही म्हणून. आई माजघरात झोपल्यात, विलास गाडीची वेळ विचारायला गेलाय. टेबलाखाली वाकून जाळी काढली आणि पंख्यावर बोट ठेवलं. गार. उभा आहे.

ता. नाही.
रे. नाही.
आ. ३.